लोहकुमार आणि गल्लीचे जावई

माणसानं जन्मात एकदा तरी कूलर होऊन पाहावं, असं काही आदिनाथ गुरमे यांनी ठरवलेलं नव्हतं. ते एका पतसंस्थेत वरिष्ठ लिपिक होते. बनियन चुकून उलटा घातला गेला तरी दिवसभर बेचैन राहणारा माणूस. अशा माणसाच्या पोटावर पत्र्याची जाळी आणि पाठीत पंखा कसा बसला, हे समजून घ्यायचं तर सुरुवात ऋतुजापासून करावी लागते.

ऋतुजा ही त्यांची दहा वर्षांची लेक. बदली होऊन हे घर जळकोटहून लातूरला आलं ते ऐन उन्हाळ्यात. शाळा बंद. कॉलनीतल्या पोरींचे गट आधीच पडलेले, खळ्यात धान्याच्या राशी पडाव्यात तसे. आणि दोन राशींच्या मधल्या मोकळ्या भुईवर एखादा दाणा सांडावा तशी ऋतुजा. संध्याकाळी खाली पोरी लपाछपी खेळत आणि हिच्याकडे दुसऱ्यांच्या चपला सांभाळायचं काम. ती तेही मनापासून करी, याचं आदिनाथरावांना जास्त वाईट वाटे.

मग उन्हाळी शिबिर निघालं. शेवटच्या दिवशी पोरांनी नाटक करायचं ठरलं आणि ऋतुजानं ते लिहिलं. मेंदूफिरव्या नावाचा एक दुष्ट. त्याच्या डोक्यावर चकाकणारा टोप. टोप डोक्यावर असेपर्यंत तो म्हणेल तसं सगळं गाव वागतं. मग येतो लोहकुमार. त्याचं डोकंच लोखंडात, त्यामुळे त्याच्यावर मंत्र चालत नाही. तो एक बुक्की घालतो, टोप उडतो, गाव सुटतं. गोष्ट पोरींना आवडली. पण पोरींची म्होरकी पुनम, तिनं अट घातली. "नाटक चांगलं झालं तर तू आमच्यात. फसलं तर तू आपली तुझ्या घरी खेळायचं. चपला पण न्हाई सांभाळायच्या."

लोहकुमार मोठा माणूस हवा होता. ऋतुजानं वडिलांकडे फक्त बघितलं. म्हणाली असती तर आदिनाथरावांनी पाठदुखी पुढे केली असती. नुसत्या बघण्याला कुठली पाठदुखी पुरते?

चिलखत आधी पुठ्ठ्याचंच होतं. फ्रिजचं खोकं, त्यावर चंदेरी कागद. प्रकरण तिथंच संपलं असतं. पण जिन्यात बसलिंगप्पा भेटले. बसलिंगप्पा हे खालच्या मजल्यावरचे, उदगीरकडचे, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. मेंदूफिरव्याचं काम तेच करणार होते. त्यांनी पुठ्ठ्यावर टिचकी मारली आणि एखादा पूल नापास करावा तशी मान हलवली.

"शिव शिव. हे काय ओ सर? म्या टोप घालून जोरात श्वास सोडला तर तुमचा लोहकुमार फाटंल की. लोखंड म्हणजे लोखंड पायजे."

"अहो, लेकरांचं नाटक आहे."

"म्हणूनच. लेकरांशी खोटं बोलू न्हाई माणसानं."

आता या वाक्याला उत्तर काय द्यावं? आदिनाथरावांना सुचलं नाही. जगातले बरेचसे उद्योग असेच, उत्तर न सुचल्यामुळे सुरू होतात.

ताहेरभाईंचं दुकान गंजगोलाईच्या बाजारामागच्या बोळात. पत्र्याचे कूलर बनवणं हा त्यांच्या वडिलांपासूनचा धंदा, आणि मे महिन्यात कूलरवाल्याकडे जाऊन दुसरं काही मागणं म्हणजे लग्नघरात आचाऱ्याला उपवासाची भगर टाकायला सांगणं. ताहेरभाई पत्रा ठोकत ठोकतच बोलले.

"किती फुटी पायजे?"

"कूलर नको. मला... म्हणजे माणसाला घालायचंय."

"माणूस किती फुटी हाय?"

"मीच आहे."

ताहेरभाईंनी हातोडी खाली ठेवली. आदिनाथरावांना वरून खाली पाहिलं, एकदा फिरायला लावलं. "सर, नाराज नका होऊ. तुम्ही माणूस हायत, पण माप कूलरचंच हाय. तीन फुटी बॉडी तुम्हाला बराबर बसते. वरून तेलाचा डबा."

चिलखत झालं. छातीवर आणि पाठीवर कूलरचा पत्रा, मागून नटबोल्ट आवळलेले, डोक्याला पंधरा किलोचा तेलाचा डबा आणि त्याला डोळ्यांसमोर एक आडवी फट. डबा धुतलेला होता. पण करडईचं तेल असं सहजासहजी घर सोडत नाही. आदिनाथराव आत शिरले की त्यांना सारखी भज्यांची आठवण येई.

पहिल्याच तालमीत ते आतल्या आत उकडून निघाले. डबा काढल्यावर तोंड असं लाल, की उज्वलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आधी लिंबू-सरबत केलं आणि मग भांडण. त्यावर ताहेरभाईंनी मनापासून उपाय काढला. उपाय कुठून काढणार? ज्याचा हात जिथे चालतो तिथूनच. त्यांनी पाठीत छोटा पंखा बसवला, खांद्यांत खस भरली, पोटाशी पाण्याची टाकी आणि पाणी वर चढवायला बोटाएवढी मोटर. मागून एक लांब वायर निघाली, ती बोर्डात खुपसायची.

"आता बगा सर. आत महाबळेश्वर."

महाबळेश्वर होतंही, पण पंखा चालू झाला की डब्यात असा घर्रघर्र आवाज घुमे, की बाहेर कोण काय बोलतं याचा पत्ता लागत नसे. "संवाद कसे ऐकायचे?" असं त्यांनी विचारलं. ताहेरभाई म्हणाले, "पोरीनं लिवलेत न्हवं? पाठ करा."

मधल्या काळात परवानगी. बोअरशेजारच्या मोकळ्या जागेत कार्यक्रम, भोंगा लावायचा, तर कागद लागतो. एका कार्यालयातल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कार्यक्रम धार्मिक का राजकीय?"

"लहान मुलांचं नाटक आहे."

"विषय?"

"एक जण लोकांची डोकी फिरवतो. लोक त्याच्यामागे जातात. मग लोखंडाचा माणूस येऊन त्यांना सोडवतो."

"म्हणजे राजकीय." साहेबांनी पेन उचललं. "कोणत्या पक्षाचा म्हणायचा हा लोखंडाचा?"

शेवटी उज्वलाबाईंनी पुढे होऊन सांगितलं, "साहेब, अधिक महिना हाय, जावई-पाव्हणे आलेत, त्यांच्या मनोरंजनासाठी हाय." साहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांचेही जावई आलेले असणार. शिक्का बसला. आदिनाथरावांनी त्या वेळी बायकोचं कौतुक केलं. त्या वाक्यातल्या जावयातच पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं बी होतं, हे त्यांना कळायचं होतं.

यंदा ज्येष्ठ अधिक आलेला. धोंड्याचा महिना. घरोघरी पुरणाचे धोंडे तळले जात होते, अनारशांचा वास जिन्यात चढत होता आणि गल्लोगल्ली जावई बसवलेले होते, देव बसवावेत तसे. कॉलनीत सगळ्यांत वडीलधाऱ्या नागुबाई. त्यांचे जावई वीरेश नांदेडहून आले होते. तिकडे त्यांचं औषधांचं दुकान. शांत, गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. नागुबाईंचा जावई म्हणजे अख्ख्या गल्लीचा जावई. कुणीही भेटलं की त्याला बसायला खुर्ची आणि हातात पेढा. इकडे बसलिंगप्पांनी सगळ्यांना सल्ले देऊन देऊन, वर बर्फ घातलेला उसाचा रस पिऊन, आवाज पार घालवला. नाटक दोन दिवसांवर आणि मेंदूफिरव्याच्या तोंडून नुसती वाफ.

तेव्हा वीरेश स्वतःहून आले. जवळजवळ पळूनच.

"मामा, मला घ्या की ओ नाटकात. आल्यापासून मला कुणी पाण्याचा पेला उचलू देईना गेलंय. काल माशी हाकलायला हात वर केला तर मामींनी, आमच्या सासूबाईंनी, पंखा घेऊन माणूस बसवला. मला कुणीतरी मारा. पण काहीतरी काम द्या."

"अहो, जावई हायत ते," उज्वलाबाई कुजबुजल्या.

"नाटकात कसला जावई अन् कसला व्याही," आदिनाथराव म्हणाले. शहाणा माणूस चुकतो तो असा, एका वाक्यात.

पहिल्या तालमीपासूनच नाटक कुठलं आणि खरं कुठलं ते कळेनासं झालं. वीरेशनी टोप घातला (स्टीलची चाळणी, तिला चिकटवलेल्या आरशाच्या टिकल्या) आणि आरोळी ठोकली, "तुमचं मन माझं! पाणी आणा!" पोरी उठायच्या आधीच दोन घरांतून दोन बाया पाणी घेऊन आल्या. "मला वारा घाला!" म्हणताच एका आजोबांनी स्वतःचा टेबलफॅन आणून लावला. ऋतुजा गोंधळली. "पप्पा, हे मंत्रानं करायलेत का खरंच?" आदिनाथरावांनी डब्यातून पाहिलं आणि त्यांनाही नक्की सांगता येईना.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी ऊन उतरलं, बोअरभोवती पाणी शिंपडलं गेलं, दोन पलंग जोडून रंगमंच झाला. खुर्च्या भरल्या. पुढच्या रांगेत नागुबाई, नवं लुगडं, मांडीवर झाकलेलं तबक. त्यांच्या घरचं अधिकाचं वाण त्याच संध्याकाळी द्यायचं होतं आणि जावई तर नाटकात. मग तबकच इथं आलं. आपले जावई नाटकात नेमके काय आहेत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "मुख्य पात्र हाय," एवढंच त्यांनी साऱ्या गल्लीला ऐकवलं होतं. आदिनाथरावांनी त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण ते त्या वेळी आडपडद्यामागं उभे होते आणि ताहेरभाई त्यांना नट आवळत होते.

पडदा सरकला. वीरेश आले, टोप चमकला, टाळ्या पडल्या. "तुमचं मन माझं!" ते गरजले. "सगळ्यांनी उभं ऱ्हावा!"

प्रेक्षक उभे राहिले. सगळे. जावयानं सांगितल्यावर बसून कसं राहायचं? पलंगावरच्या पोरी प्रेक्षकांकडे बघू लागल्या, प्रेक्षक पोरींकडे. पुनमनं दात-ओठ खात ऋतुजाकडे पाहिलं. ऋतुजा पडद्याच्या कडेला ओठ हलवत उभी, सगळ्यांचे संवाद पाठ असलेलं एकटंच माणूस.

"पप्पा, जावा!"

लोहकुमार अवतरला. पलंगाच्या स्प्रिंगा कण्हल्या. आदिनाथरावांना फटीतून दिसत होतं ते एवढंच: वीरेशचं पोट, बल्बांची माळ आणि पहिल्या रांगेतले गुडघे. डब्यात घर्रघर्र. त्यांनी पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. "थांब, मेंदूफिरव्या! या डोक्यावर तुझी सत्ता नाही!" त्याच क्षणी पोटातल्या टाकीचा एक सांधा सुटला आणि पाणी डाव्या पायावरून, मग उजव्या पायावरून, सावकाश, भर मंचावर ओघळू लागलं.

"लोहकुमार घाबरला ओ!" मागून एक कार्टं ओरडलं. "मुतला!"

हशा उसळला. आदिनाथरावांना हशा ऐकू गेला नाही. फक्त गुडघे हलताना दिसले. लोक हेलावले, असं त्यांना वाटलं. वरिष्ठ लिपिकाच्या आयुष्यात हेलावलेले लोक कुठून यायचे? त्यांना स्फुरण चढलं. त्यांनी बुक्की उगारली.

"घाला मामा, घाला," वीरेश हळूच म्हणाले. पडण्याची त्यांनी घरी गादीवर तालीम केली होती.

आणि मग फटीत अचानक हिरवं लुगडं आलं.

नागुबाई पलंगावर चढल्या होत्या. जावयासमोर उभ्या, दोन्ही हात पसरून, कोंबडी घारीपुढे राहते तशा. त्या काहीतरी बोलत होत्या. आदिनाथरावांना वाटलं, ऋतुजानं ऐनवेळी नवं पात्र घातलं असावं. हुशारच पोर आहे. त्यांनी पाठ केलेलं पुढचं वाक्य म्हटलं: "बाजूला हो, म्हातारे! तूही त्याच्या जादूत सापडलीस!"

पुढच्या रांगेतल्या बायांनी तोंडाला पदर लावले.

हे वाक्य पुनमला उद्देशून होतं. तिनं म्हातारीचं काम केलं होतं आणि ती तिथंच बाजूला काठी धरून उभी होती. पण ते लागलं ते नागुबाईंना.

"म्हातारी? मला?" नागुबाई कडाडल्या. "आन हात कुणावर उचलायलास रे आदिनाथा? जावयावर? अधिकाच्या महिन्यात? जळकोटला असं करतेत का?"

"मामी, नाटक हाय ओ," वीरेश काकुळतीला आले. "मला मार खायचाय!"

"तुम्ही गप बसा पाव्हणं. तुम्हाला काय कळतंय? तुमच्यावर ह्यानं कायतरी केलंय."

प्रेक्षकांतून आवाज उठू लागले. "बरोबर हाय मावशीचं!" "पडू द्या की ओ एक बुक्की, लेकरांचं हाय!" "जावयाला न्हाई!" "मंग कुणाला?" बसलिंगप्पा उभे राहून जोरजोरात काहीतरी सांगत होते, आवाज नसल्यानं नुसते हात दिसत होते. लोहकुमार बुक्की उगारून तसाच. खाली आणावी तर हार, मारावी तर पाप; आणि मुळात झालंय काय, हेच आत पोचेना.

गर्दीच्या रेट्यात कुणाचा तरी पाय वायरीत अडकला. पंखा बंद पडला. घर्रघर्र थांबली आणि डब्याच्या आतल्या काळोखात, करडईच्या वासात, आदिनाथरावांना पहिल्यांदा बाहेरचा आवाज आला. नागुबाई आता ओरडत नव्हत्या. त्यांच्या ओठांवर ओळी आल्या होत्या, जात्यावरच्या, अर्धं गाणं अर्धं बोलणं:

"अधिक महिना गं, जावई आला दारी,
माझ्या लेकीच्या जल्माची, त्याच्या मुठीमंदी दोरी."

मग साध्या आवाजात म्हणाल्या, "तारामती माझी तिकडं नांदेडला नांदायलीय. आज ह्याला चारचौघात मारलं, आन उद्या ह्याचं मन फिरलं म्हणजे? मी काय करू रे बाबा?"

"मामी..." वीरेशच्या डोळ्यांत पाणीच आलं. "माझं मन कशाला फिरंल ओ?"

आदिनाथरावांची बुक्की आपोआप खाली आली. त्यांनाही लेकच होती. त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला. डबा वळला नाही, पण फटीच्या कडेला ऋतुजा दिसली. तिच्या शेजारी पुनम आलेली. "फसलं," पुनम म्हणाली. एवढंच.

ऋतुजाचा चेहरा रडवेला झाला होता. रडणार, असं आदिनाथरावांना वाटलं. पण ती पलंगावर चढली, नागुबाईंचा पदर धरून ओढला.

"आजी, कुणी मारत न्हाई. वाणाचं ताट आणलंय न्हवं तुम्ही? मंग देऊन टाका की इथंच."

नागुबाईंनी खुर्चीवर राहिलेल्या तबकाकडे पाहिलं. "इथं?"

"हाव. पण आधी पाय धुवायला लागतेत जावयाचे."

"आन पाणी?" कुणीतरी विचारलं. बोअरचा पंप बंद होता. सगळ्यांची नजर एकाच जागी गेली, जिथून अजून थेंब थेंब ओघळत होतं. ताहेरभाईंनी पडद्याआडून उडी मारली, लोहकुमाराच्या पाठीवर हात ठेवला आणि कूलर तिरका करावा तसं त्यांना वाकवलं. वीरेश खुर्चीवर बसले, पाय परातीत. लोहकुमाराच्या पोटातून खसचा वास असलेलं गार पाणी मेंदूफिरव्याच्या पायांवर पडलं. आदिनाथराव आयुष्यात इतके कुणापुढे वाकले नव्हते, अगदी संचालकांपुढेसुद्धा. पण वाकल्यावर त्यांना एकदम बरं वाटलं, कारण पाठीचा एक नट टोचत होता तो सुटला.

नागुबाईंनी पाय पुसले. कुंकवात बोट बुडवलं. बोट वर नेलं आणि अडलं.

"आजी," ऋतुजा म्हणाली, आता मोठ्यानं, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं, "कुंकू लावायला कपाळ मोकळं पायजे. टोप काढायला लागतोय."

वीरेशनी एकदा तिच्याकडे पाहिलं. ते औषधं विकत असले तरी नट होते. त्यांनी टोप दोन्ही हातांनी दाबून धरला. "न्हाई! टोप काढला तर माझी सत्ता जाईल!"

"असू द्या की ओ जावई," नागुबाई प्रेमानं म्हणाल्या आणि सासूच्या हातानं तो टोप अलगद उचलून बाजूला ठेवला. कपाळावर कुंकू टेकलं. खांद्यावर उपरणं आलं. हातात अनारशांचं तबक.

"सुटलो!" ऋतुजा किंचाळली.

पोरींना एक क्षण कळलं नाही. मग पुनमनं म्हातारीची काठी फेकून दिली. "सुटलो! सुटलो!" सगळ्या पोरी पलंगावर नाचू लागल्या, आणि पलंगच तो, त्यानंही साथ दिली. प्रेक्षक उभे होते ते तसेच टाळ्या वाजवू लागले. वीरेश खुर्चीतून अंमळ डोलत, ताट जपत, मंचावर आडवे झाले आणि अतिशय समाधानानं मेले. "जावई!" म्हणून नागुबाई पुन्हा धावल्या, तर त्यांनी एक डोळा उघडून त्यांना अनारसा दिला.

बसलिंगप्पा मंचाजवळ येऊन घोगरेपणानं शेजाऱ्याला विचारत होते, "पण शेवटी जिंकलं कोण ओ?"

गर्दी पांगली. ताहेरभाई पाना शोधायला दुकानाकडे गेले. बोल्ट पाण्यानं घट्ट बसले होते. आदिनाथराव तसेच, पत्र्यात, पलंगाच्या काठावर. उज्वलाबाई शेजारी बसून डब्याच्या फटीतून त्यांना धोंड्याचे तुकडे भरवत होत्या. समोर बोअरपाशी पोरींचा एकच घोळका झाला होता. कुणाच्या डोक्यावर तो टोप, कुणी लोहकुमारासारखं फेंगडं चालतंय, कुणी पाय धुतंय, आणि सगळ्या एकदम एकीलाच काहीतरी विचारतायत: "पुढच्या नाटकात मला घेशील ना?" "मला सासू कर!" "मी आधी बोलले!"

लोहकुमार फटीतून बघत होता. डोकी, फिती, वेण्या, धूळ.

"काय शोधायलात?" उज्वलाबाईंनी विचारलं.

"आपली ऋतुजा गं. ह्यातली कुठली?"

उज्वलाबाईंनी हातातला घास तसाच ठेवून घोळक्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मला तरी कुठं कळायलंय," त्या म्हणाल्या.